सगळी केंद्रं एकदम

सर प्रोग्राम मोठ्यानं वाचायचे. ऑफिसात दुसरं कोणी तसं करत नसे, आणि नंतर ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं ते हसले. पण मला कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिता येतो तो असा ऐकून. वाचून नाही, ऐकून.

ऑफिस पुण्यात बिबवेवाडीत होतं. खाली टाइल्सचं दुकान, वर आम्ही. ट्रकमधून फरशा उतरवायला लागले की आमच्या टेबलांवरचे ग्लास वाजायचे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचं काम आमच्याकडे होतं. सकाळी लोक केंद्रावर दूध घालतात, तिथलं मशीन लिटर आणि फॅट मोजून साठवून ठेवतं, आणि ते आकडे फोनच्या लाइनीवरून आमच्याकडे ओढून घ्यायचे. ज्या केंद्राचं मशीन बिघडलेलं असे ते कागद पाठवायचं. ते कागद बघून आकडे भरायला मला घेतलं होतं.

मी नववीत शाळा सोडलेली. गाव यवतमाळकडचं. आमच्या वस्तीत हे सांगायलासुद्धा जड जातं; विहारात जो कोणी बोलायला उभा राहायचा तो पहिलं वाक्य शिकण्याचंच बोलायचा, आणि मी पुढच्या रांगेत बसून ऐकायचे. मग आईचं मणक्याचं दुखणं निघालं, धाकटे दोघं लहान. शाळा सोड असं कोणी म्हणालं नाही. एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशी गेले नाही, असं होत होत सुटली. पुढं मोठा भाऊ पुण्यात कंपनीत लागला, वारज्यात खोली केली, आणि त्याच्या मागोमाग मी आले. टायपिंग शिकले ते खोलीखालच्या झेरॉक्सच्या दुकानात. त्यामुळे ह्या ऑफिसात मी पहिल्या दिवसापासून धास्तावलेली असायचे. कोणी "जरा इकडे या" म्हटलं की वाटायचं, कळलं ह्यांना.

सरांना माहीतच होतं. मुलाखत त्यांनीच घेतली होती.

"शिक्षण?"

मी सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे विसरायला कमी आहे. बरं आहे," म्हणाले, आणि आत जाऊन मालकांना सांगून आले की ह्यांना घ्या.

सर पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे. मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट, उन्हाळ्यातसुद्धा. आधी ते पिंपरीला एका कारखान्याच्या ऑफिसात होते. तिथं पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला कोणी हात लावेना, म्हणून सरांनी लावला. पुढं बाहेरच्या कंपन्या आल्या, तो कारखाना बंद पडला, बरोबरीचे लोक घरी बसले आणि सर कॉम्प्युटरमुळे तरले. हे ते कधी अभिमानानं सांगत नसत. "बुडत्याला की-बोर्डचा आधार," एवढंच.

तर वाचण्याची पद्धत अशी. सर प्रोग्रामच्या कागदावर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचायचे, आणि समोर कोणीतरी मशीन व्हायला लागायचं. मशीननं स्वतःची अक्कल चालवायची नाही. सर म्हणाले फॅट घ्या तर घ्यायचं, मनात धरून ठेवायचं, आणि मधेच त्यांनी "आता तुमच्याजवळ काय आहे?" विचारलं की जे असेल ते सांगायचं. जे असायला पाहिजे ते नाही, जे असेल ते. चूक असली की ती तिथंच सापडते. बाकीचे लोक ह्यातून अंग काढून घ्यायचे. मी नवीन होते, मला नाही म्हणता येत नव्हतं. "अहो वऱ्हाड, या. मशीन व्हा," अशी हाक यायची. माझा जिल्हा, माझी भाषा, सगळं त्या एका हाकेत त्यांनी गुंडाळून टाकलं होतं. मला राग यायचा नाही. इथं दुसरं कोणी मला हाक मारत नव्हतं.

असं रोज मशीन होता होता मला पुढची ओळ काय असणार ते कळायला लागलं. मग एकदा सर वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "ही ओळ मी लिहिलेली नाही. तुम्ही सांगा काय पाहिजे इथं." मी सांगितली. त्यांनी ती पेन्सिलीनं लिहून घेतली आणि वाचत पुढं गेले, काहीच झालं नाही अशा सुरात. त्या दिवसानंतर मी कागदावरचे आकडे कमी भरले आणि ओळी जास्त लिहिल्या.

सरांची स्वतःची सकाळ केंद्रांत जायची. जुना प्रोग्राम एका केंद्राला लाइन लावायचा, आकडे आणायचा, मग पुढच्याला. रांगेतलं एक केंद्र अडलं की मागची सगळी अडायची. सर स्क्रीनसमोर बसून असत. अडलं की फोन उचलायचे.

"सर, लाइट हाय, पर मशीन गप हाय."

"तुम्ही पण गप राहा आणि मागचं बटण दाबा."

"कंचं?"

"तिथं एकच आहे. दुसरं सापडलं तर मला कळवा, मी येतो बघायला."

तिकडून हसल्याचा आवाज यायचा आणि केंद्र सुरू व्हायचं. असं करत सगळे आकडे हातात येईपर्यंत जेवणाची वेळ होई. जेवताना ते दमलेले असत, पण बरं दमलेले. मीही त्यांच्याशेजारी बसून कोणतं केंद्र आलं, कोणतं राहिलं ते सांभाळायचे. म्हणायला गेलं तर ती सकाळ आम्हा दोघांची होती.

मग केंद्रं वाढली. मोबाईलवरचं नेट स्वस्त झालं तसं गावागावातून नवीन केंद्रं जोडली जायला लागली, आणि सरांची सकाळ दुपार ओलांडून गेली. दूध घेणाऱ्या डेअरीकडून निरोप यायला लागले, आकडे लवकर पाहिजेत. मालकांनी एक तरुण इंजिनीअर घेतला. मुलगा चांगला होता, दाढी राखलेला, कानात कायम काहीतरी घातलेलं. त्यानं सांगितलं की हे गो नावाच्या भाषेत नव्यानं लिहू. प्रत्येक केंद्रासाठी एकच फंक्शन, म्हणजे आकडे आणण्याचं ते ठरलेलं काम. पण त्याला हाक मारताना आधी ‘गो’ लिहायचं. मग ते काम आपल्या वाटेनं चालू लागतं आणि प्रोग्राम त्याच्यासाठी न थांबता पुढच्या केंद्राला हाक मारतो.

"म्हणजे प्रत्येकाला वेगळा थ्रेड, कामाचा वेगळा धागा," सर म्हणाले. "मशीन बसेल की खाली."

"नाही सर, हे लाइटवेट असतात. हजारो सोडा, मशीनला पत्ता लागत नाही. एक अडला की बाकीचे चालूच."

सर पट्टी हातात घेऊन फिरवत राहिले.

त्याच आठवड्यात डबा खाताना अकाउंटच्या मॅडमनी मला हळूच सांगितलं, "मालक विचारत होते, हे नवीन सुरू झाल्यावर सरांना सकाळी बसवायचं कशासाठी? आणि सकाळी बसवायचं नसेल तर मग..." पुढचं त्यांनी भातात कालवलं. मॅडमना वाटलं मला माहीत असेल. मला नव्हतं. सरांना मात्र असावं. त्यांचं घर कात्रजला, मुलगी कॉलेजात, आणि त्या वयात दुसरीकडे कोण घेणार? हे सगळं त्यांनी माझ्या आधी मोजलं असणार.

तरी त्यांनी ते काम स्वतःहून मागून घेतलं. मी आणि ते, दोघांनी लिहायचं, मुलानं बघायचं. भाषा त्यांना जड गेली असं मी म्हणणार नाही. जड गेलं ते वाचन. प्रोग्राम लिहून झाला, सरांनी पट्टी ठेवली, मी मशीन होऊन बसले, आणि पहिल्या ‘गो’पाशीच आम्ही दोघं थांबलो. आता मी त्या फंक्शनात जायचं की सरांबरोबर पुढच्या ओळीवर?

"दोन्हीकडे," मुलगा त्याच्या जागेवरून म्हणाला.

"एका माणसानं?"

"म्हणूनच असं वाचत नाहीत, सर."

सर उठले. मला वाटलं आता चिडतील. ते जाऊन अकाउंटच्या मॅडमना घेऊन आले, मुलालाही उठवलं, आणि आम्हा तिघांना तीन खुर्च्यांवर बसवलं. मॅडम म्हणजे सासवड, मुलगा म्हणजे भोर, मी म्हणजे राजगुरुनगर. प्रत्येकाच्या हातात त्याच एका फंक्शनची प्रत. सर स्वतः मुख्य प्रोग्राम. "गो, सासवड," ते म्हणाले आणि मॅडम वाचायला लागल्या. "गो, भोर." "गो, राजगुरुनगर." तिघं एकदम वाचतोय, मॅडमचा आवाज सगळ्यांत मोठा, मुलगा घाईत, मला माझंच ऐकू येईना. तेवढ्यात सर त्यांच्या शेवटच्या ओळीवर पोचले. "संपलं," म्हणाले.

मुलगा लगेच गप्प झाला. आम्ही दोघी वाचतच होतो.

"तुम्ही पण थांबा," तो म्हणाला. "मेन प्रोग्राम संपला की आपण सगळे संपलो. अर्ध्या वाक्यात असलो तरी. एरर नाही, काही नाही. आकडे गेले."

मॅडमनी कागद खाली ठेवला. "म्हणजे साहेब घरी गेले की काम बंद? आपल्याकडे तर साहेब घरी गेले की कामाला लागतात."

सर हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. ही चूक आम्ही खरोखरच केली होती. वाट बघण्याची ओळ प्रोग्रामात नव्हती. मुलानं पूर्वी करून बघितलं तेव्हा त्यानं शेवटी प्रोग्रामला दोन सेकंद थांबायला सांगितलं होतं, आणि त्याच्या लॅपटॉपवर तेवढ्यात सगळं येऊन जायचं. भोरच्या लाइनीला दोन सेकंद म्हणजे काय?

"अंदाजानं थांबायचं नाही," सर म्हणाले. मग पुन्हा सुरुवात केली. ह्या वेळी प्रत्येक ‘गो’ला त्यांनी एक बोट वर केलं. आम्ही वाचून झालं की "झालं" म्हणायचं, की ते एक बोट मिटायचे. मॅडम झाल्या, मुलगा झाला. मी मुद्दाम हळू वाचत होते. सर एक बोट वर धरून तसेच उभे राहिले, खाली फरशांचा ट्रक लागलेला, ग्लास वाजतायत, आणि सर उभे. मी "झालं" म्हणाले तेव्हा त्यांनी बोट मिटलं आणि मगच "संपलं" म्हणाले. मुलगा म्हणाला, "सर, हेच तर वेटग्रुप. एका ओळीत लिहिता येतं." सर म्हणाले, "लिहा. आता मला ती ओळ कळते."

ते दिवस चांगले गेले, असं लिहायला हात धजत नाही, पण गेले. प्रोग्राम पुढं सरकत होता आणि जसा तो सरकत होता तशी मला झोप लागत नव्हती. मी चांगली ओळ लिहिली की सरांची एक सकाळ कमी. कोणासमोर बोलणार? भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "तू आपलं काम करून राहिली नं? मंग?"

तेव्हा मी एक केलं. एखादं केंद्र उत्तरच देत नसेल तर काय करायचं, हा भाग माझ्याकडे होता. मी तिथं असं लिहिलं की प्रोग्रामनं थांबायचं, बाकीच्यांचे आलेले आकडे धरून ठेवायचे, आणि स्क्रीनवर विचारायचं: पुन्हा लाइन लावू, की सोडून देऊ? समोरच्या माणसानं बटण दाबलं तरच पुढं जायचं. दिसायला ते शहाणपणाचं दिसत होतं. केंद्रं इतकी झाली होती की रोज एखादं तरी गप्प असणारच. म्हणजे रोज सकाळी समोर माणूस लागणारच.

वाचताना सर त्या ओळींवर आले. पट्टी थांबली.

"हे कोणाला विचारतंय?"

"ऑपरेटरला."

"कुठला ऑपरेटर?"

मुलगा कानातलं काढून बघत होता.

"अहो वऱ्हाड. सगळी केंद्रं आकडे घेऊन आलीयेत, आणि तुम्ही त्यांना दारात उभं करून ठेवलंय. एका माणसानं यावं आणि बटण दाबावं म्हणून."

"सर, राहू द्या नं." माझ्या तोंडून गावाकडचंच आलं. "काय बिघडते?"

"खोटं थांबणं आहे ते. काढा."

"सर..."

"काढा म्हटलं. तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं, मशीनला कळत नाही. उद्या दुसरं कोणी हे वाचेल आणि विचारेल, हे कुठल्या शहाण्यानं लिहिलं. तेव्हा मी नसेन उत्तर द्यायला." मग आवाज उतरवून त्यांनी पुढचं सांगितलं, आणि मी लिहून घेतलं: ठरावीक वेळ वाट बघायची, पुन्हा एकदा प्रयत्न करायचा, तरी नाही तर त्या केंद्राला गैरहजर लावायचं, त्या केंद्राच्या माणसाला आपोआप मेसेज जाऊ द्यायचा, आणि बाकीच्यांना जाऊ द्यायचं. सांगताना ते कुठं अडखळले नाहीत. पट्टी मात्र त्यांनी त्या दिवशी पुढं सरकवली नाही. वाचन तिथंच थांबवलं.

पहिल्यांदा सगळी केंद्रं लावली त्या सकाळी मालक आमच्या मागं येऊन उभे राहिले. स्क्रीनवर केंद्रांची नावं वाटेल त्या क्रमानं यायला लागली, ज्याचं आधी झालं ते आधी. दोन गैरहजर लागली. मॅडमनी आणलेला चहा पिऊन व्हायच्या आत सगळं संपलं होतं. मालक चांगले गृहस्थ होते, त्यांना कसंतरी वाटत असणार, कारण त्यांनी प्रश्न मला विचारला.

"मग आता सकाळी कोणी बसायला लागेल का?"

काय उत्तर द्यायचं ह्याची मी किती दिवस तयारी करत होते, पण त्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"नाही लागणार," सर म्हणाले. स्क्रीनकडे बघतच. "प्रोग्राम सांभाळायला मात्र एक माणूस ठेवा. ह्यांना ठेवा. ह्याची ओळ न् ओळ ह्यांना माहीत आहे, आणि ह्या अजून पुष्कळ वर्षं शिकतील. मी नाही शिकणार."

तेव्हा कुठं मला कळलं की मालक दोघांबद्दल विचारत होते. सरांच्या शेजारची दुसरी खुर्ची माझी होती, आणि मला ते एकदाही सुचलं नव्हतं. एवढी घाबरट मी, प्रत्येक हाकेला दचकणारी, आणि खरी भीती समोर उभी होती तेव्हा मी तिला दुसऱ्याची समजून बसले होते. सर म्हणाले "ह्यांना ठेवा" आणि मला हायसं वाटलं. वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं असं मी स्वतःला सांगते.

मालक म्हणाले, "तशी काही घाई नाही, बघू." पुण्यात बघू म्हणजे बघून झालेलं असतं.

महिनाअखेरीला शाल आणि नारळ दिला. सरांनी नारळ हातात तोलून बघितला आणि म्हणाले, "नुसताच देण्याची पद्धत आहे. तुम्ही शाल पण दिलीत, उपकार आहेत." सगळे हसले, मालक जरा कमी हसले. सरांनी पट्टी खिशात टाकली, मुलाच्या पाठीवर थाप मारली, जिन्यात मला म्हणाले, "येतो." मला जे बोलायचं होतं ते शाळेपासूनचं सगळं होतं, एवढं जिन्यात कसं मावणार? मी "हो सर" म्हणाले.

मधे बरेच महिने गेले. गावाहून येताना आईनं जवसाची चटणी दिली होती, ती घेऊन एका रविवारी मी कात्रजला त्यांच्या घरी गेले. न सांगता गेले, आमच्याकडे सांगून कोण जातं. दार सरांनीच उघडलं. शर्टाची बटणं मनगटापर्यंत लावलेली, खाली पायजमा. काकूंनी पोहे केले. सर सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलले, टँकरवाल्याबद्दल बोलले, मुलीच्या परीक्षेबद्दल बोलले. मी वाट बघत होते की ते प्रोग्रामचं विचारतील. मी त्यात काय काय बदललं, कुठं अडले, सगळं तयार करून गेले होते. काकू आत गेल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, "सर, केंद्रं आता दुप्पट झाली."

"नीट चाललंय ना?"

"हो सर."

"अडतं का कुठं?"

"नाही अडत."

"मग झालं की," ते म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बातम्या चालल्या होत्या. आम्ही दोघं बघत बसलो. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. मी आल्यापासून त्यांनी मला एकदाही हाक मारली नव्हती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

निघाले तेव्हा जिन्याच्या तोंडाशी मी वाकून नमस्कार केला. ते मागं सरकले. "अहो, हे काय," म्हणाले. मी म्हटलं, "सर, तुम्ही त्या दिवशी मालकांना..." त्यांनी हात वर केला. मी थांबले.

"पुढच्या वेळी फोन करून या," ते म्हणाले. "आम्ही घरी असूच असं नाही."

दार लावून घेतल्याचा आवाज आला. पुढच्या वेळी म्हणाले, म्हणजे या असंच म्हणाले असावेत. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. बऱ्याचदा मी तो काढून बघते. अजून लावलेला नाही.